खाली जायची वाट चढाची

११ जानेवारी

ठके,

माझं अक्षर पाहून तू पाकीट न फोडताच कपाटावर टाकशील, म्हणून पत्ता पोस्टातल्या बाईंकडून लिहून घेतला. आता फोडलंच आहेस तर वाच. मी कशी आहे हे तू विचारणार नाहीस आणि तू कशी आहेस हे मीही विचारत नाही, म्हणजे निम्मं पत्र वाचलंच.

तू म्हणशील, आई गेल्यापासून चकार शब्द नाही, आणि आज एकदम ताईला उमाळा कुठून आला? उमाळा वगैरे काही नाही. काम आहे.

नगरपालिका मनोरा भंगारात काढते आहे. आपल्या खाणीवरचा लोखंडी मनोरा, वरच्या मोठ्या चाकासकट. खाण बंद पडली, पंप काढले, रूळ उचलून नेले, तेव्हा कोणी हूं की चूं केलं नाही. मीही नाही. दिव्यांच्या खोलीची किल्ली खाणीच्या साहेबांनी परत मागितली तेव्हा मी 'हरवली' म्हणून सांगितलं, तेवढाच काय तो माझा विरोध. इतकी वर्षं खाणीत उतरणाऱ्यांच्या टोप्यांना दिवे लावून दिले, त्याची एक किल्लीसुद्धा घरी ठेवायची नाही म्हणजे काय? पण परवाच्या सभेत ठेकेदार गॅस कटरची भाषा करायला लागला आणि नगराध्यक्षाबाई म्हणाल्या, "नुसतं गंजतंय. आपल्याकडे बघायला येतंय कोण?"

मी उठले. उठायचं ठरवलं नव्हतं. गुडघ्यांनाही विचारलं नव्हतं. म्हटलं, "लोक येतील. मी त्यांना पायी फिरवून सगळं शहर दाखवते. वस्ती, न्हाणीघर, खाण, मनोरा. मार्चअखेरपर्यंत मुदत द्या." सगळे हसले. ठेकेदार तर पोट धरून हसला. पण बाईंनी मुदत दिली.

तर काम असं. निवृत्त होईपर्यंत तू वर्गच्या वर्ग गप्प बसवून ऐकायला लावलेस. माणसं कंटाळू नयेत म्हणून काय करतात, ते चार ओळींत कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

तुझी ताई

२ फेब्रुवारी

ठके,

उत्तर आलं नाही. ते येणार नाही हे धरूनच मी तयारी केली होती, तेव्हा फार भाव खाऊ नकोस.

वाट अशी आखली आहे. सुरुवात बाजारचौकातल्या घड्याळापासून. आपल्याकडे खाणीचा भोंगा घड्याळावर चालत नसे, घड्याळ भोंग्यावर चालायचं, हे सांगितलं की लोक हसतात. मग आपली कामगारवस्ती. सगळी दारं एकसारखी, सगळ्या पायऱ्या एकसारख्या, आणि रात्रपाळीहून दमून आलेला माणूस शेजारच्या घरात शिरून गाढ झोपला तो किस्सा. त्याची नातवंडं अजून तिथेच राहतात, म्हणून हा किस्सा जरा हळू आवाजात सांगते. मग वाकडं घर. खालची जमीन पोखरल्यामुळे ते एका अंगाला कललं, आठवतं ना? जमिनीवर चेंडू ठेवला की आपला आपण कोपऱ्यात जातो. घरमालकिणीने खास या कामासाठी एक लाल चेंडू आणून ठेवला आहे आणि आता दारात उभी राहून लोकांना आत ओढते.

पुढे टेकडीवर न्हाणीघर. छतापासून लोंबणाऱ्या साखळ्या, प्रत्येक साखळीच्या टोकाला आकडा. कामाचे ओले कपडे आकड्याला अडकवायचे आणि साखळी ओढून छतापाशी चढवायचे, म्हणजे गरम हवेत वाळतात आणि कोणी पळवतही नाही. आता साखळ्या रिकाम्या आहेत. बडबडी माणसंसुद्धा तिथे शिरल्यावर हळू बोलायला लागतात. त्याला लागून दिव्यांची खोली, म्हणजे माझं राज्य. आणि शेवटी मनोरा.

पहिली फेरी काल झाली. झक्कास झाली. पर्यटन खात्याचे साहेब स्वतः आले होते, डोक्यावर टोपी, गळ्यात दुर्बीण. मला वाटलं होतं त्यापेक्षा फेरी बरीच लांबपर्यंत गेली. साहेब तर संध्याकाळपर्यंत परत आले नाहीत. यावरून काय ते समज.

गुडघे ठणठणीत आहेत.

तुझी ताई

१६ फेब्रुवारी

ठके,

तू धाडलेलं पेपरातलं कात्रण मिळालं. त्याच्यासोबत माझंच पत्रही मिळालं, 'झक्कास' या शब्दाभोवती लाल पेनाचं वेटोळं घालून. मास्तरीण ती मास्तरीणच. बरं, ऐक मग.

चौक झाला, वस्ती झाली, वाकड्या घरात चेंडू कोपऱ्यात गेला. सगळे खूश. वस्तीच्या टोकाला रस्ता फुटतो तिथे आलो आणि माझ्या लक्षात आलं, किल्ली घरी राहिली. मी म्हटलं, "तुम्ही सगळे खाली चला, मी किल्ली घेऊन आलेच."

तुला यात काही चुकलंय असं वाटतं? नाहीच वाटणार. आपल्याकडे खाली म्हणजे खाण. बाबा खाली गेलेत, खाली माणसं कमी पडताहेत, खाली आज काही खरं नाही. खाणीचं तोंड टेकडीच्या माथ्यावर आहे आणि तिथे पोचायला धाप लागेपर्यंत चढावं लागतं, हे जन्मात कधी माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पाळी सुटली की माणसं उतार उतरून घरी यायची आणि आपण म्हणायचो, बाबा वर आले.

पाहुणे बिचारे आज्ञाधारक. खाली म्हटलं, खाली गेले. उतार संपतो तिथे बसस्थानक, तिथे बस उभी. साहेबांना वाटलं, ही पुढची सोय. सगळे चढले. बस सुटली.

इकडे मी आणि चाकवाले काका खाणीच्या फाटकापाशी वाट बघत बसलो. मनोऱ्याचं चाक चालवायचे ते काका, विसरली नसशीलच. आता पार वाकलेत, पण दाढी रोज करतात. बराच वेळ झाला तेव्हा काकांनी विचारलं, "अगं, खाली म्हणूनच सांगितलंस ना?"

"खालीच म्हणून सांगितलं."

"मग येतील," काका म्हणाले. आम्ही दोघंही एवढे शहाणे.

'वाट चुकलेली सहल' तू वाचलीसच. ठेकेदाराने ते पान दुकानात चिकटवलं होतं. मी तोंड लपवून घरात बसले, भाजी आणायलासुद्धा बाहेर पडले नाही. मग रविवारी दारावर थाप. एक अनोळखी कुटुंब, चांगलं दुसऱ्या शहरातून आलेलं. त्यातली बाई म्हणाली, "आजी, पेपरात वाचलं. आम्हालाही चुकवता का?"

आधी मला वाटलं, थट्टा करते. पण नाही, खरंच चुकायला आली होती. तेव्हा आता फेरी अशी चालते: रस्ता फुटतो तिथे उभी राहून मी विचारते, "चला, खाली कुठून जायचं?" सगळे बसस्थानकाकडे बोट दाखवतात. मी एक अक्षर न बोलता चढाला लागते. अर्ध्या चढावर कोणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडतो आणि मग जो हशा पिकतो, म्हणतेस काय! वर फाटकापाशी काका उभे असतात आणि धापा टाकणाऱ्या प्रत्येकाला विचारतात, "आलात का खाली?" त्यांना हे काम इतकं आवडलंय की आता इस्त्रीचा शर्ट घालून येतात.

मागच्या रविवारी इतकी माणसं आली की दिव्यांच्या खोलीत मावेनात. वेटोळं पुसून टाक.

तुझी ताई

६ मार्च

ठके,

तुझं पत्र मिळालं. खरंखुरं पत्र, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. लगोलग दुसऱ्यांदाही वाचलं. रागाने की कशाने, ते अजून मला ठरवता आलेलं नाही.

नगराध्यक्षाबाईंचा निरोप तुलाही आला म्हणायचा. खाली पाणी घुसलं तेव्हा ज्यांची माणसं खालीच राहिली, त्या प्रत्येक घराला त्यांनी कळवलं आहे. मार्चच्या शेवटच्या रविवारी सगळ्यांनी माझ्या फेरीसोबत चालायचं आणि शेवटी मनोऱ्यापाशी आपलं म्हणणं सांगायचं. त्यांतल्या एका घराने जरी 'नको' म्हटलं तरी मनोरा पाडणार. बाईंचं मला पटलं. गर्दी किती जमते यावर मी जिंकेन, पण ज्यांचं माणूस गेलं त्यांच्या डोक्यावर बसून जिंकायचं नाही.

आणि तू लिहितेस की तू येऊन 'नको' म्हणणार. "लोकांनी फोटो काढावेत म्हणून आपले बाबा खाली राहिले नाहीत." हे वाक्य वाचून मी उठले, भांडी घासली, घासलेलीच परत घासली.

तुला नको म्हणायचा हक्क आहे. बाबा तुझेही होते. पण तू विचारलंस, 'कठड्यापाशी काय सांगतेस?' त्याचं उत्तर द्यायला मी बरेच कागद फाडले. आधी लिहिलं, कठडा वाटेत येत नाही. खोटं आहे. न्हाणीघरातून मनोऱ्याकडे निघालं की खाणीच्या तोंडासमोरचा तो कठडा डाव्या हाताला येतो. मी त्या वेळी लोकांना उजवीकडची काळी टेकडी दाखवते. खाणीतून निघालेल्या मातीची ती टेकडी, आता तिच्यावर गवत आलंय आणि मुलं पुठ्ठ्यावर बसून घसरतात. सगळे उजवीकडे बघतात. मीही उजवीकडेच बघते.

पण बाकी वाटेवर मी बाबांचं सांगते, ठके. नाव न घेता सांगते. उतारावरून बेसूर शीळ घालत येणारा माणूस, आणि ती ऐकून घराघरांतून आरडाओरडा करणाऱ्या बायका. लोक इतके हसतात की काय सांगू. तेवढा वेळ बाबा गेलेले नसतात. मनोरा गेला की मागे राहील ती नुसती एक टेकडी, आणि टेकड्या काय, कुठेही असतात.

मला तुझा राग आला आहे. तरी ये.

तुझी ताई

२१ मार्च

ठके,

शनिवारी येतेस हे कळलं. लॉजवर उतरलीस तर मी तिथे येऊन तमाशा करीन. मागची खोली झाडून ठेवली आहे. तुला उंच उशी लागते, दोन एकावर एक ठेवल्या आहेत. विरोध करायचा तो रविवारी कर, शनिवारी पोटभर जेव आणि नीट झोप. त्या रात्री मनोऱ्याचा विषय मी काढणार नाही, तूही काढू नकोस. सपाट चपला आण, चढ आहे.

मी घाबरले आहे. हे वाक्य खोडणार होते. राहू दे.

ताई

३१ मार्च

ठके,

पळालीस! 'सोमवारी शाळा आहे' हे कारण निवृत्त बाईने काकांपाशी ठेवून जावं म्हणजे कमाल झाली. मी हाका मारत होते आणि तू डोळे पुसत उतारावरून बसकडे निघालीस. मागे वळून बघितलंस तर शपथ. म्हणून पुढचं काय झालं ते तुला माहीत नाही. आणि आधीचंही मी लिहिणार आहे, तू तिथे होतीस तरी. कारण तुला तू दिसली नाहीस. मला दिसलीस.

चौकापासून वस्तीच्या टोकापर्यंत माणसं. पाळी सुटतानासुद्धा मी त्या रस्त्यावर एवढी गर्दी पाहिली नव्हती. पर्यटन खात्याचे साहेब हजर, या वेळी बस दिसली की दचकत होते. तू सगळ्यांच्या मागे, छत्री बगलेत, माझी ओळखसुद्धा नसल्यासारखी. वाकड्या घरात चेंडू कोपऱ्यात गेला आणि सगळे हसले, तशी तूही हसलीस आणि लगेच ओठ मिटलेस. मी पाहिलं. चढावर तू थांबून धाप टाकलीस आणि काकांनी तुला विचारलं, "आलात का खाली?" त्यांनी तुला ओळखलं नव्हतं. तू म्हणालीस, "आले, काका." तेव्हा ओळखलं. पुढच्या माणसांना त्यांनी काही विचारलं नाही.

न्हाणीघरातून बाहेर पडलो. मी सवयीने हात वर केला, "आता उजवीकडे बघा, ही काळी टेकडी." सगळ्यांच्या माना वळल्या. आणि मागून तुझा आवाज आला, वर्गातला: "डावीकडे बघा."

मनात म्हटलं, संपलं.

तू पुढे आलीस. कठड्यावर हात ठेवलास.

"इथे आम्ही उभ्या होतो," तू म्हणालीस. "खाली पाणी घुसलं तेव्हा सगळी वस्ती इथे उभी होती. खाणीच्या तोंडाकडे कोणी बघत नव्हतं. सगळे वर बघत होते, त्या चाकाकडे. चाक फिरलं म्हणजे पाळणा वर येतोय. पाळणा म्हणजे माणसं ने-आण करणारा लोखंडी पिंजरा, आमच्याकडे त्याला पाळणा म्हणतात. तो आला की कोणाचा भाऊ बाहेर यायचा, कोणाचा नवरा. मग आम्ही परत चाकाकडे बघायचो."

त्या पाळण्याचा अर्थ तू ज्या तऱ्हेने सांगितलास ना, त्यावरून मला कळलं की तू भांडायला उभी राहिली होतीस आणि शिकवायला लागलीस.

मग तू माझ्याकडे बोट केलंस. "ही माझी ताई. तिनं मला सांगितलं, चाक बघत राहा, बाबा येतील. मी बघत राहिले. चाक थांबलं. बाबा आले नाहीत. मी त्या चाकाला माफ केलं नाही आणि हिलाही नाही. हे तोडून टाका, असं सांगायला मी आज आले होते."

ठके, इतकी वर्षं मला वाटत होतं की आपण घरावरून भांडलो, मी तुझ्याकडे राहायला आले नाही म्हणून भांडलो. तू असं काही मनात धरून आहेस हे मला माहीतच नव्हतं.

"पण आज सकाळपासून मी हिच्या मागून चालतेय," तू म्हणालीस. "ही लोकांशी बोलते आणि हिचे डोळे वर. प्रत्येक वळणावर मनोरा दिसतो का बघते. मला वाटायचं, हिनं तेव्हा मला फसवलं. फसवलं नव्हतं हो. हिला स्वतःलाच खात्री होती. ही अजून वाट बघतेय." मग पदराने नाक पुसलंस आणि एकदम घरातल्या आवाजात म्हणालीस, "राहू द्या ते चाक. आमच्या ताईला बघायला काहीतरी लागतं."

लोक हसले आणि रडले, दोन्ही एकदम. मी तर भोकाड पसरलं, तेही पर्यटनवाल्या साहेबांच्या खांद्यावर. त्यांची माझी धड ओळखही नाही. त्यांनी बिचाऱ्यांनी दुर्बीण बाजूला सारून जागा करून दिली. मी डोळे पुसून बघते तर तू उताराला लागलेली.

आता पुढचं. तुझ्यानंतर बाकीच्या घरांची माणसं एकेक करून कठड्यापाशी आली. कोणी त्यांना बोलावलं नाही, रांग लावली नाही. प्रत्येकाने कठड्यावर हात ठेवला आणि आपण कुठे उभे होतो ते दाखवलं. एक म्हातारी म्हणाली, "मी इथे, ह्या वाकलेल्या गजापाशी." तिचा नातू म्हणाला, "आजी, हे तू मला कधी सांगितलं नाहीस." ती म्हणाली, "कोणी विचारलं होतं का?" एकाही घराने 'नको' म्हटलं नाही. एकाही नाही, ठके!

नगराध्यक्षाबाई बोलायला उभ्या राहिल्या तर त्यांनाच हुंदका आला. शेवटी त्यांनी नुसती मान हलवली आणि दोन्ही हात वर केले. जो काही जल्लोष झाला! वस्तीतल्या बायकांनी काकांना उचलायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. काका मनोऱ्याच्या पायाशी जाऊन लोखंडावर थाप मारून म्हणाले, "मेलेलं नाही हे. तेल द्या, फिरेल." आणि ठेकेदार? तो गॅस कटर टेम्पोत परत चढवत होता. मला म्हणाला, "आजी, पुढच्या रविवारी मला धरा." मी म्हटलं, "धरते, पण ते चिकटवलेलं पान आधी काढ."

आम्ही जिंकलो. हे मी मोठ्या अक्षरात लिहिणार होते, पण मग तू त्याच्याभोवतीही वेटोळं घालशील.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहितेय. सगळं शांत झाल्यावर बाईंनी माइकवरून विचारलं, "ही फेरी आता नगरपालिकेची. दर रविवारी चालवायची तर चालवणार कोण?" मी हात वर करणार तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "दोघी बहिणी!" मग सगळेच ओरडायला लागले. न्हाणीघराच्या भिंतींतून आवाज घुमत होता. बाई माझ्याकडे बघायला लागल्या. म्हणाल्या, "त्या तर गेल्या. त्या कबूल आहेत का?"

मी माइक हातात घेतला, तुला न विचारता, आणि सगळ्या शहरासमोर सांगितलं, "आहे. रविवारी येतेय ती."

पाटी रंगवून झाली आहे. तिच्यावर तू आणि मी. तुझं नाव मी आधी घालायला लावलं, त्यावरून रंगाऱ्याशी वादही झाला. तू आत्ता लालबुंद झाली असशील, पेन शोधत असशील. पत्रातून भांडू नकोस, मी उत्तर देणार नाही. इथे येऊन भांड.

तुझी ताई